बेटावर उभारलेली गुढी

नॉर्वेहून परत आले त्या दिवसापासून रायपूरच्या आमच्या बुढापारा मोहल्ल्यात मला दोनच प्रश्न विचारले गेले. पहिला, "बर्फ पाहिला का?" आणि दुसरा, "पगार किती होता?" बर्फ पाहिला, आणि पगार तिथल्या महागाईत गेला, अशी दोन्ही उत्तरं मी पाठ करून टाकली. गल्लीतल्या बायकांना उन्हाळ्यात न मावळणारा सूर्य सांगितला, उकडलेला मासा आणि त्याच्याशेजारी उकडलेला बटाटा सांगून हसवलं. बोर्गहिल्ड मावशीचं मात्र कोणाला सांगितलं नाही. आईला अर्धं सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे न माय, तू काही जाणूनबुजून केलं काय?" जाणूनबुजून केलं नाही, खरं आहे. पण ज्यांना तिकडे कधी जायचं नाही त्यांच्यासाठी लिहायला बसले तर तेच लिहायला पाहिजे. बाकीचं सगळं कॅलेंडरवरच्या चित्रात असतंच.

मी गेले तेव्हा आमचं वेगळं राज्य होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रायपूर राजधानी झालं, आमच्या अरुंद गल्लीत लाल दिव्याच्या गाड्या अडकू लागल्या, आणि कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा "मंत्रालयात आपली ओळख आहे" म्हणायला लागला. मी अभनपूरच्या पुढे एका छोट्या दवाखान्यात नर्स होते. त्या दवाखान्याची नॉर्वेतल्या एका बेटाशी अदलाबदल होती. तिकडची एक मुलगी वर्षभर इकडे यायची, इकडची एक तिकडच्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून जायची. माझ्याआधी तिघींना विचारलं होतं. एकीचं लग्न ठरलं होतं, एकीचं लेकरू लहान होतं, तिसरीला समुद्राची भीती वाटत होती. मी चौतीस वर्षांची, लग्न झालेलं नाही, बाबा रेल्वेतून रिटायर होऊन घरीच. अडवायला कोणी नव्हतं.

"दीदी, जाओ ना, क्या दिक्कत है?" भाऊ म्हणाला. आमच्या घरात आई मराठीत बोलते आणि तो हिंदीत उत्तर देतो, असंच चालतं.

आई मात्र रुसली. "एवढ्या दूर कायले जाऊन राहिली तू? तिथं आपलं कोण आहे?"

"वर्षाचीच त गोष्ट आहे, आई."

दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बॅगेत जवसाची चटणी, तिखट, हळद-कुंकवाची डबी आणि तिची स्वतःची लाल जरीकाठी साडी कोंबली. "पाडव्याले लागंल गुढीले," म्हणाली. तिथं कोण गुढी उभारतं, म्हणून मी तिला हसले होते.

बेट

विमानं, बस, मोठी बोट, छोटी बोट. त्यांचं वर्णन करत नाही, कारण मला चारही ठिकाणी उलट्या झाल्या.

बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला खडक, त्यावर गवत आणि गवतावर लाल-पांढरी लाकडी घरं. झाड म्हणाल तर एक नाही. एक दुकान, एक चर्च, एक शाळा, एक वृद्धाश्रम, आणि दिवसातून दोनदा येणारी बोट. वृद्धाश्रमात चौदा म्हातारे-म्हाताऱ्या होत्या. माझं काम म्हणजे त्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, कॉफी द्यायची, पुन्हा कॉफी द्यायची. तिथं माणसं पाण्याऐवजी कॉफी पितात असं मला पहिल्या आठवड्यात वाटलं, आणि वर्षाच्या शेवटीही माझं मत बदललं नाही.

राहायला मला बोर्गहिल्डच्या घराची वरची खोली मिळाली. घर बेटाच्या टोकाला, खाली छोटी खाडी. बोर्गहिल्ड अठ्ठ्याहत्तर वर्षांची, उंच, हाडापेराने मजबूत, फक्त डावा पाय खुब्यातून ओढत चालायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मुख्य जमिनीवर एक भाचा, तो दर रविवारी फोन करायचा. तिकडे आजीच्या वयाच्या बाईलाही सरळ नावानं हाक मारतात. माझी जीभ काही वळेना. शेवटी मी मोडक्यातोडक्या भाषेत तिला विचारलं, मावशी म्हणू का? मावशी म्हणजे काय, तर आईची बहीण. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "माझी बहीण बिनलग्नाची वारली. पण चालेल."

पहिल्या रविवारी मी पोहे केले आणि आपल्याकडची रीत म्हणून ताट झाकून शेजारच्या आर्नेकडे गेले. आर्ने धक्क्यावर बोट बांधायचं काम करायचा, साठीचा गडी. त्यानं दार उघडलं, दारातच उभं राहून ताट घेतलं, आभार मानले आणि दार लावलं. मी बाहेर! दुसऱ्या दिवशी ताट घासूनपुसून आमच्या पायरीवर ठेवलेलं. मी खोलीत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

"आधी फोन करून जायचं असतं," मावशी म्हणाली. "तो घाबरला असेल, काही वाईट बातमी आहे म्हणून."

पुढच्या महिन्यात मी वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मोहरीची फोडणी दिली. धुराचा भोंगा वाजला, आणि पाच मिनिटांत बेटाचं आग विझवणारं पथक हजर. पथक म्हणजे चार माणसं, त्यांत पुढे पाइप घेतलेला आर्ने. कढई पाहून म्हणाला, "पुन्हा तो पिवळा भात का?" त्या दिवशी त्यानं उभ्या उभ्या दोन बशा पोहे खाल्ले, आणि मग आमचं जमलं.

तर मी शिकले. न सांगता जायचं नाही, न विचारता मदत करायची नाही, आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारायचे नाहीत. आपल्याकडे बसमध्ये शेजारी बसलेली बाई अभनपूर यायच्या आत तुमची जात, पगार, लग्न काहून नाही झालं आणि पोट साफ होतं का, एवढं विचारून मोकळी होते. तिकडे चार महिने एका टेबलावर जेवून मला कोणी विचारलं नाही की तुझ्या घरी कोण कोण आहे. आधी राग आला. मग वाटलं, किती सभ्य लोक आहेत! आणि मग मीही तशीच व्हायला लागले. जानेवारीपर्यंत मला त्याचा अभिमानसुद्धा वाटू लागला होता.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. तिथं प्रत्येक घरासमोर एक उंच पांढरा खांब असतो आणि घरात आनंदाचं काही असलं की त्यावर झेंडा चढवतात. वाढदिवस, लग्न, बारसं, परदेशातून आलेली लेक. अख्ख्या बेटाला कळतं, कोणाला सांगावं लागत नाही. नोव्हेंबरात माझा वाढदिवस होता. मी कोणाला बोलले नव्हते, पासपोर्टवरची तारीख मावशीनं केव्हातरी पाहिली असावी. सकाळी खाली आले तर उजेडाच्या त्या चार-पाच तासांसाठी खांबावर झेंडा! आमच्या घरी पाच भावंडांत वाढदिवस म्हणजे आईनं केलेला शिरा. माझ्यासाठी कोणी झेंडा चढवेल असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. मी रस्त्यावर उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिले, आणि ड्यूटीला उशीर झाला.

राखाडी कोट

खाडीच्या काठाने मावशीची छोटी छोटी घरं होती. गुडघ्याएवढी, फळ्यांची, दगडांची, एक तर उलट्या घातलेल्या जुन्या होडीखाली. मी आधी समजले कोंबड्यांची असतील. ती समुद्री बदकांची होती. रानटी बदकं, कोणाची पाळलेली नव्हेत. वर्षभर समुद्रात राहतात, वसंतात काठावर येतात, आणि प्रत्येक मादी आपलं गेल्या वर्षीचं घर शोधून त्यातच अंडी घालते. माणसानं घर बांधायचं, वाळवलेल्या समुद्रगवताची गादी घालायची, कावळ्यांवर आणि मुंगसासारख्या एका जनावरावर नजर ठेवायची. बदल्यात पिल्लं गेल्यावर बदक आपल्या छातीच्या मऊ पिसांचा कापूस मागे ठेवून जातं. एका रजईला साठेक घरट्यांचा कापूस लागतो.

मावशीची आई हे करायची, तिची आईही. आता बेटाच्या आमच्या बाजूला एकटी मावशी उरली होती. तिच्या आईच्या वेळी मोजता येत नसत एवढी बदकं यायची. गेल्या वर्षी एकोणीस आली होती.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही दोघी शेडमध्ये बसून समुद्रगवत झटकायचो. नाकातोंडात मीठ जायचं. त्या कामात ती बोलायची, एरवी नाही.

"भाचा म्हणतो घर विकून टाक, तुझ्या वृद्धाश्रमात येऊन राहा," ती एकदा म्हणाली. "मी त्याला सांगते, पक्षी येतात तोवर मला घर सोडता येत नाही. त्याच्यापाशी याचं उत्तर नसतं."

"आणि पक्षी नाही आले तर?"

तिनं गवत झटकलं. "तर माझ्यापाशी उत्तर नसेल."

मार्चच्या शेवटी तिला खुब्याच्या ऑपरेशनसाठी मुख्य जमिनीवर जायचं होतं. तीन आठवडे. घरट्यांची राखण तिनं माझ्यावर सोपवली. तिचा लोकरीचा राखाडी कोट मला दिला, गुडघ्याखाली येणारा, कोपरावर ठिगळ लावलेला. "काठावर जाशील तेव्हा हाच घाल. ते बाईला ओळखत नाहीत, कोटाला ओळखतात." मग बोटांवर मोजून सांगितलं. काठावर पळायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, ठोकाठोक नाही, धूर नाही, खाडीकडचं दार उघडायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं, औषधांच्या वेळा लिहितात तसं.

जायच्या आदल्या दिवशी ती काठीचा आधार घेत झेंड्याच्या खांबापाशी गेली. खांबावरची दोरी तिनं हळूहळू सोडली, ओढून काढली, गुंडाळी करून शेडमध्ये टांगली. मी खिडकीतून पाहत होते. आमच्या आईनं पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला जाण्याआधी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, कोणत्यात काय आहे त्याच्या. म्हणजे मागच्यांना शोधावं लागू नये. मला वाटलं, मावशीनंही मनातून हेच केलं. आता या घरावर झेंडा चढायचा नाही, असं तिनं ठरवलं.

विचारायला पाहिजे होतं. "मावशी, दोरी काहून काढून राहिली?" एवढंच. जिभेवर आलंही होतं. पण मी आता तिथली झाले होते ना, सभ्य! म्हटलं, तिचं दुःख आहे, आपण कशाला खोदा. मी कॉफी गरम केली.

पाडवा

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बदकं खाडीत आली. नर पांढरे-काळे, माद्या मातकट तपकिरी. नरांचा आवाज ऐकून पहिल्या दिवशी मी हसतच सुटले. गल्लीतल्या बायकांना कोणाच्या घरची भानगड कळल्यावर त्या "अगंऽ बाईऽ!" करतात, हुबेहूब तसा. दिवसभर पाण्यावर अगं बाई, अगं बाई. मी राखाडी कोट घालून, हळू पावलं टाकत घरटी तपासून यायची. आर्ने लांबून पाहायचा आणि मान हलवायचा, म्हणजे बरं चाललंय. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी पहिली जोडी पाण्यातून काठावर चढली. मादी पुढे, नर मागे. होडीखालच्या घरात तिनं डोकं घातलं, बाहेर आली, पुन्हा घातलं. भाड्याचं घर पाहायला आलेली बाई स्वयंपाकघरात डोकावते तसं. मी श्वास रोखून उभी होते.

वृद्धाश्रमातून घरी फोन लावला. त्या वर्षी पाडवा उशिरा, एप्रिलच्या मध्यावर आला होता.

"साडी आहे न?" आईनं पहिला प्रश्न केला. "कोणी येऊन राहिलं का तुह्या घरी?"

"उद्या दुपारच्या बोटीनं मावशी येऊन राहिली, ऑपरेशन होऊन."

"पाडव्याच्या दिवशी घरची बाई घरी येऊन राहिली, आणि तू गुढी नाही उभारणार? अवो पोट्टे! दारात गुढी पाहिजे तिच्या. समजलं का?"

"हव, समजलं."

आणि मला एकदम उजाडल्यासारखं झालं. तिनं माझ्यासाठी झेंडा चढवला होता. आता मी तिच्यासाठी चढवीन. खांब रिकामा आहे म्हणून ती समजते, आता आपल्यासाठी आनंद करायला कोणी उरलं नाही. बोटीतून उतरून वळणावर आली की तिला दिसेल!

सकाळी पाचला उठले. मासे वाळवायच्या चौकटीचा लांब दांडा काढला. आईची लाल साडी निऱ्या करून बांधली, कडुनिंबाऐवजी एका काटेरी झुडपाचा डहाळा, गाठीऐवजी दुकानातल्या रंगीत गोळ्या दोऱ्यात ओवलेल्या. तांब्या नव्हता, म्हणून मावशीची तांब्याची कॉफीची केटली घासून लख्ख केली आणि उपडी घातली. सगळं त्या पांढऱ्या खांबाला करकचून बांधलं. खाली बटाट्याच्या पिठाची रांगोळी. हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. ऊन आलं तशी केटली अशी चमकली की माझेच डोळे दिपले. रायपूरच्या आमच्या गच्चीवरून चार घरांच्या गुढ्या दिसतात. इथं सगळ्या समुद्रात एकटी माझी. मला इतका आनंद झाला होता की ड्यूटीवर जाताना मी मागे वळून वळून पाहत होते. वारा सुटला होता, साडी फडफडत होती, केटली दांड्यावर टणटण वाजत होती. खाडीकडे मी एकदाही पाहिलं नाही.

आर्ने पहाटेपासून धक्क्यावर होता, त्यानं काही पाहिलं नाही. दुपारी बोट आली. मावशी दोन कुबड्या घेऊन उतरली, बारीक झालेली, पण डोळे हसरे. "आले?" तिचा पहिला शब्द. मी म्हटलं, "आले. काल एक जोडी वर चढली." तिनं माझा हात दाबला. आर्नेच्या गाडीत ती पुढे बसली, मी मागे. वळण आलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहायला पुढे झुकले.

आर्नेनं गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध. मी म्हटलं, अजून दिसली नाही वाटतं, आणि बोट दाखवलं.

"उतरव," मावशी म्हणाली. रागानं नाही. वृद्धाश्रमात म्हातारी माणसं 'पाणी दे' म्हणतात, तसं.

मी पळत गेले. गाठी सुटेनात, दातांनी सोडवल्या. ती घरात गेलीच नाही. पायरीवर बसली, कुबड्या बाजूला ठेवून, खाडीकडे तोंड करून. साडीचा बोळा पोटाशी धरून मी उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं. अगं बाई, अगं बाई थांबलं होतं. पाण्यावर एक बदक नव्हतं.

आर्नेनं मला शेडमागे नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. पक्षी काठावर चढायच्या दिवसांत या घरावर कधीच झेंडा लागत नाही. राष्ट्रीय सणालासुद्धा नाही, अख्ख्या बेटावर झेंडे असतात तेव्हाही नाही. फडफडणारं काही त्यांना चालत नाही. खांबावर दोरी आपटते, तिचाही टकटक आवाज होतो, म्हणून ती मार्चमध्ये दोरी काढून ठेवते. तिची आईही काढायची. "हे इथं पोरासोरांना माहीत असतं," तो म्हणाला. "म्हणून कोणी सांगत नाही."

"मी विचारलं असतं तर..."

"हो," आर्ने म्हणाला. "विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं."

जून

ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं! आईनं असं काही झालं असतं तर गल्ली डोक्यावर घेतली असती, दोन दिवस ताट आपटलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः वाढलं असतं. मावशीनं रात्री नेहमीसारखी भाकरीसारखी पातळ पोळी आणि गोडसर तपकिरी चीज माझ्यासमोर ठेवलं. केटली चुलीवर होती. तिच्या बुडाला माझ्या दांड्याचा पोचा आला होता. मी म्हणाले, चुकलं माझं. ती म्हणाली, "हं." तिकडचा हा हं तोंडात श्वास ओढून म्हणतात, त्यातून काही कळत नाही. मी काय केलं होतं आणि काहून, हे तिनं विचारलं नाही, आणि मलाही सांगायला तोंड उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खुंटीवरचा राखाडी कोट काढून माझ्या हातात दिला. मी रोज काठावर जायची. रोज परत यायची. ती खिडकीत दुर्बीण घेऊन बसलेली असायची, माझ्याकडे पाहायची, आणि मी मान हलवायची, नाही. बदकं लांब पलीकडच्या खडकांवर दिसायची. तिथं घरं नाहीत, राखणारं कोणी नाही.

मे संपता संपता एक मादी आली. एकटीच. होडीखालच्या घरात बसली. त्या दिवशी मावशी वॉकर घेऊन दारापर्यंत आली. पंचवीस-सव्वीस दिवस आम्ही दोघी त्या एका बदकासाठी कुजबुजत बोललो, बशीत चमचासुद्धा हळू ठेवला. जूनमध्ये ती चार पिल्लं घेऊन पाण्यात उतरली. मावशी रडली. मीही रडले, पण आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत रडलो.

त्या घरट्यातला कापूस मूठभर भरला. बाकीची घरं मी गवत घातलं होतं तशीच होती.

भाचा जुलैत आला. माणूस चांगला होता, मला हात मिळवला, कॉफी प्याला. या वेळी मावशीनं त्याला काही उत्तर दिलं नाही. "एका पक्ष्यासाठी घर राखता येत नाही," एवढं म्हणाली. आर्ने मला समजावायचा की बदकं सगळीकडेच कमी होताहेत, तुझ्यामुळेच झालं असं नाही, कदाचित पुढच्या वर्षी झालंच असतं. तसंही असेल. पण ते पुढच्या वर्षी झालं असतं. एक वर्ष तिला आणखी मिळालं असतं, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय, ते रोज म्हाताऱ्यांना अंघोळ घालणाऱ्या बाईला कळतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती वृद्धाश्रमात आली. चर्चकडच्या बाजूची खोली. तिचं अंथरूण मीच घातलं, नव्या चादरीचे कोपरे मीच दुमडले. सोबत तिनं तीन वस्तू आणल्या होत्या: नवऱ्याचा फोटो, दुर्बीण आणि पोचा आलेली केटली. त्या खिडकीतून समुद्र दिसत नाही.

शेवटचा दिवस

माझी बोट दुपारची होती. बॅग भरून तिच्या खोलीत निरोप घ्यायला गेले. कॉफी झाली. मी उठायला लागले तशी ती म्हणाली, "शोभा, बस." आणि मग तिनं मला माझ्याबद्दलचा वर्षभरातला पहिला प्रश्न विचारला.

"ते तू काय चढवलं होतंस?"

मी पाहतच राहिले. "तुला माहीत नाही?"

"तुझ्या देवाचं असेल असं मला वाटलं. देवासाठी केलेल्या गोष्टीबद्दल माणसाला विचारू नये."

मग मी सांगितलं. माझ्या त्या गरीब नॉर्वेजियनमध्ये जेवढं जमलं तेवढं. आमचं नवं वर्ष असतं, घरात चांगलं काही येतं तेव्हा दारात उभारतात, आई म्हणाली होती की घरची बाई परत येतेय. खांबावरची दोरी तू काढलीस ते पाहून मला काय वाटलं होतं, तेही सांगितलं. नोव्हेंबरातला झेंडाही सांगितला.

"माझ्यासाठी होतं?"

"तुझ्यासाठीच, मावशी. दुसऱ्या कोणासाठी?"

तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर आर्नेनं गाडीचा हॉर्न वाजवला.

"चार महिने," ती म्हणाली, "मला वाटत होतं तू मला आणि पक्ष्यांना विसरलीस म्हणून तसं झालं." मग खिडकीबाहेरच्या छोट्या गॅलरीकडे हनुवटी केली. "तो कपडा आहे का तुझ्यापाशी? लाव ना इथं. इथून उडून जाणारं आता कोणी नाही."

मी बॅग उघडली. साडी सगळ्यात खाली होती, तिच्यासाठी बाकीचे कपडे जमिनीवर काढावे लागले. कोपऱ्यातल्या झाडूचा दांडा घेतला, गॅलरीच्या कठड्याला बांधला, वर केटली घातली. डहाळा नव्हता, गोळ्या नव्हत्या. वारा पडलेला होता, साडी नुसती लोंबत राहिली. मावशी खुर्चीत ताठ बसून पाहत होती. "सुंदर आहे," ती म्हणाली, "विचारायला पाहिजे होतं मी." तेच मी म्हणणार होते.

गुढी सूर्य मावळायच्या आत उतरवतात. माझी बोट त्याआधी सुटली.

आईनं परवा लोखंडी पेटी उघडून सगळं बाहेर काढलं. "शोभे, माही लाल साडी कोठी ठेवली तू? दिसून नाही राहिली." सापडेल, म्हटलं. आता हे छापून आलं की भाऊ तिला वाचून दाखवेल, हिंदीत अर्थ सांगत सांगत, आणि मग ती मला पुन्हा विचारेल. तिला विचारायची सवय आहे. या वेळी मी सगळं सांगीन.